बिस्ली : हजार यार्ड आणि मधली हवा

गुरुवार

वॉटर्लूहून सुटलेली गाडी पाऊण तासाच्या आत ब्रुकवुडला उतरवते. एकीकडे आम्ही लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायला चाललो होतो त्या बिस्ली कॅम्पचा रस्ता, दुसरीकडे ब्रुकवुडची प्रचंड दफनभूमी. क्लबची गाडी यायला अवकाश होता, म्हणून आम्ही दोघं आधी दफनभूमीत शिरलो. दोघं म्हणजे मी कोल्हापूरचा आणि माझा साताऱ्याचा मित्र. दोघंही आता लंडनकर. 1854 साली उघडलेल्या या दफनभूमीसाठी वॉटर्लूहून खास आगगाड्या धावायच्या, मृतांना आणि नातेवाइकांना घेऊन. इथल्या पारशी भागात जमशेटजी टाटा विसावले आहेत. 1904 साली ते जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. दोराबजीही इथेच आहेत. चांदमारीशी याचा काडीचा संबंध नाही, पण मुंबईशी नातं असलेल्या माणसाने इतक्या जवळ येऊन हे न पाहता परतू नये.

कॅम्पमध्ये शिरल्यावर मित्र म्हणाला, "अरे, हे तर माथेरान!" लाकडी बंगले, रुंद व्हरांडे, लोखंडी पत्र्याची छपरं, पाइनची झाडं आणि पायाखाली रेताड माती. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली मोठी स्पर्धा 1860 साली विंबल्डनच्या माळावर भरली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ रायफल आधीच नेम लावून तिवईवर घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली आणि 400 यार्डांवर गोळी जवळजवळ मधोमध बसली. शहर वाढत विंबल्डनला भिडलं, तसा 1890 साली सगळा पसारा इथे हलला. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये हजार यार्डांची रायफल स्पर्धा इथेच झाली. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजीही इथेच. अंजली भागवतने त्या वेळी चार सुवर्णपदकं घेतली, ती याच आवारात.

परवान्याबद्दल भारतातून पहिला प्रश्न येतो, म्हणून सांगून टाकतो. इथे गृहखात्याची मान्यता असलेल्या क्लबात किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. तोवर क्लबची रायफल, क्लबची काडतुसं आणि कायम कोणीतरी जाणतं माणूस शेजारी. स्वतःची रायफल हवी असेल तर पोलिसांकडून दाखला, घरी भिंतीला बोल्ट मारलेलं पोलादी कपाट, सगळं यथासांग. आम्ही दोघं अजून क्लबच्याच रायफलवर आहोत.

संध्याकाळी क्लबहाउसच्या व्हरांड्यात पहिला वर्ग झाला. कोच बाई साठी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. फळ्यावर त्यांनी गोळीचा मार्ग काढला. आमची गोळी 155 ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला 2950 फूट. हजार यार्डांवर पोचायला तिला दीड सेकंदापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो आणि तोवर वेग निम्म्याहून खाली आलेला असतो. 100 यार्डांवर जुळवलेली माशी, म्हणजे रायफलवरची नेम धरायची खूण, हजाराला साधारण 30 मिनिटं वर न्यावी लागते. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 यार्डांवर साधारण एक इंच, हजारावर दहा इंच. पुढचे दिवस आम्ही सगळे मिनिटांतच बोलत होतो.

मग हवा आली आणि मी सावरून बसलो. माझं पोट इमारतींच्या वातानुकूलनावर चालतं. हवेची घनता, ओलावा, दाब हे माझं रोजचं मीठ-भाकर. गोळीला अडवणारी हवा जितकी दाट तितकी गोळी लवकर मंदावते आणि अधिक खाली पडते. प्रमाण हवा म्हणजे 15 अंश सेल्सिअस, 1013.25 हेक्टोपास्कल, घनमीटरला 1.225 किलो. तापमान दहा अंशांनी चढलं की घनता साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. दाब दहा हेक्टोपास्कलने पडला की एक टक्का. आमच्या काडतुसाला हजार यार्डांवर दर टक्क्यामागे पाव मिनिट धरायचं.

ओलाव्याचा विषय निघाला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी दमट हवा जड असते असं सांगितलं. मुंबईत मे महिन्यात बनियन अंगाला चिकटलं की कोणालाही तसंच वाटेल. खरं उलटं आहे. पाण्याचा रेणू 18 वजनाचा, नायट्रोजनचा 28, ऑक्सिजनचा 32. हवेत वाफ शिरली की ती जड रेणूंची जागा घेते आणि हवा हलकी होते. पण किती? 24 अंशांना अगदी कोरडी हवा आणि तुडुंब दमट हवा यांत जेमतेम एका टक्क्याचा फरक. म्हणजे पाव मिनिट. त्यासाठी कपाळाला आठ्या घालण्यात अर्थ नाही.

आठ्या घालायच्या त्या दाबाच्या आकड्यावर. फोनवरचं हवामान जो दाब दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. गोळीला समुद्रसपाटीशी देणंघेणं नाही, तिला आहे त्या जागेचा दाब लागतो. बिस्लीसारख्या सखल जागी फरक किरकोळ, पण डोंगरात जाऊन फोनचा आकडा तसाच गोळीचा मार्ग काढणाऱ्या गणकात भरला तर गोळी निशाणाच्या डोक्यावरून जाईल. म्हणून हातात मावणारं केस्ट्रेल यंत्र वापरतात. ते जागचा दाब, तापमान आणि ओलावा मोजतं.

बाईंनी केस्ट्रेल टेबलावर ठेवलं आणि नियम सांगितला. माशीच्या उंचीसाठी यंत्र वापरा. वाऱ्यासाठी रविवारपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही.

शुक्रवार

सकाळी 8 अंश. मे अखेरचा इंग्लिश उन्हाळा. केस्ट्रेलवर 1021.

सेंच्युरी रेंजवर एका ओळीत 108 निशाणं आहेत आणि अंतरं 100 ते 600 यार्ड. आम्ही टार्गेट रायफल शिकत होतो. म्हणजे दुर्बीण नाही, पुढे एक कडी, मागे बारीक छिद्र. पालथं पडायचं, चामड्याचा पट्टा डाव्या दंडाला आवळून रायफलला ताण द्यायचा, जाड जॅकेटची बटणं लावताना पोट आत घ्यायचं. 300 यार्डांवरचा अर्धा दिवस शरीरातच गेला. डोळे मिटून नेम धरायचा, उघडायचे आणि माशी कुठे सरकली ते पाहायचं. सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, अख्खं शरीर पोटावर फिरवायचं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. कोपरं दुखली.

600 ला मजा सुरू झाली. तीन माणसं एका निशाणावर आळीपाळीने. एकाने झाडायची, दुसऱ्याने त्याचे गुण लिहायचे. गोळी लागली की निशाण खाली जातं, खड्ड्यातली माणसं भोकात चकती खोचतात, गुणांची पाटी लावतात आणि निशाण पुन्हा वर येतं. मधोमध व्ही-बुल, मग बुल पाच, इनर चार, मॅगपाय तीन, आउटर दोन. शेजाऱ्याची चकती ही तुमच्यासाठी फुकटची बातमी असते. त्याला वाऱ्याने किती ढकललं ते दिसतं, फक्त त्याची माशी किती मिनिटांवर होती ते माहीत हवं. इथे सगळे एकमेकांना ते मोकळेपणाने सांगतात. स्पर्धेत हा मोकळेपणा कितपत टिकतो ते पाहावं लागेल.

प्रत्येक गोळीआधी वाऱ्याचा अंदाज मोठ्याने सांगायचा, झाडायची, मग ती कुठे सुटली असं वाटतं ते सांगायचं, आणि चकती दिसल्यावर तक्त्यावर तिन्ही लिहायचं. हा प्लॉट बाईंच्या मते रायफलपेक्षा महत्त्वाचा. खटका दाबताना माशी उजवीकडे होती हे कबूल केलं नाही तर तुम्ही तो दोष वाऱ्याच्या खात्यात टाकता आणि पुढची गोळी उगाच डावीकडे नेता.

निशाणांवरून नजर वाऱ्याच्या झेंड्यांकडे. झेंडा काठीपासून किती अंशांनी उचललाय ते पाहायचं आणि चाराने भागायचं, म्हणजे ताशी मैल. ही झाली ढोबळ रीत. मग दिशा. घड्याळाचा काटा धरला तर तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण मोजायचा, एक वाजताचा अर्धा, दीड वाजताचा दशांश सात, बाराचा शून्य. समोरून अर्ध्या तिरक्या येणाऱ्या वाऱ्याला नवखे हमखास कमी लेखतात, कारण झेंडा अंगावर येत असतो आणि त्याची आडवी बाजू डोळ्यांत भरत नाही.

मित्राने विचारलं, "वारा गोळीला बाजूने ढकलतो ना? मग ती हवेत जितका वेळ, तितकी सरकायला हवी." तसं होत नाही. फिरणारी गोळी आपलं नाक येणाऱ्या वाऱ्याकडे किंचित वळवते आणि हवेचा अडथळा तिला त्या रेषेत मागे खेचतो. सरकण्याचा हिशोब त्यामुळे तिला झालेल्या उशिराचा असतो. हवा नसती तर हजार यार्डांना एक सेकंद लागला असता, लागतात दीडहून थोडे जास्त. हा जो अर्ध्या सेकंदाचा उशीर, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणा. ताशी दहा मैलांचा वारा सेकंदाला साडेचार मीटर, म्हणजे सरकणं सव्वादोन-अडीच मीटर. साधारण नऊ मिनिटं. दाट हवेत उशीर वाढतो, म्हणून वाराही जास्त सरकवतो. हवेची घनता अशी दोन्हीकडून पैसे वसूल करते.

संध्याकाळी संग्रहालयात डोकावलो. इथल्या जुलैच्या मोठ्या स्पर्धांत एक सामना 'कोलापोर कप'साठी खेळला जातो. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांचे संघ, संघात आठ जण, 300, 500 आणि 600 यार्ड. 1871 पासून चालत आलेला. हे कोलापोर म्हणजे आमचं कोल्हापूर, आणि कप आमच्या महाराजांच्या नावचा. छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडला आले होते. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरच्या अखेरीस फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा उणीपुरी विशी. त्यांची छत्री आजही तिथे नदीकाठी आहे. ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे दिले, त्याचं नाव बिस्लीत दीडशे वर्षं घेतलं जातंय आणि आम्हा कोल्हापूरकरांना पत्ता नाही. आपल्याकडे हे शाळेत शिकवायला हवं, पण ते असो.

शनिवार

स्टिकलडाउन. 800 ते 1200 यार्ड. मध्ये दरी, पलीकडच्या चढावर निशाणं. हजारावरून पाहिलं तर दहा फूट रुंद, सहा फूट उंच निशाण रुमालाएवढंही वाटत नाही. काळ्या गोलाच्या आतला बुल दोन फुटांचा. वाऱ्याच्या एका मैलाला जवळजवळ एक मिनिट, म्हणजे नऊ इंच. अंदाज दीड मैलाने हुकला की पाचाचे चार. बाईंनी एवढंच सांगितलं आणि आम्हाला चटईवर पाठवलं.

उंचीचं काम यंत्राने चटकन उरकलं. दुपारी 24 अंश, 1010. कालच्या सकाळपेक्षा हवा सहा टक्क्यांहून अधिक पातळ, म्हणजे दीड मिनिट. गणकाने दिलेली माशी ठेवली आणि पहिली चाचणीची गोळी उंचीला बरोबर बसली. डाव्या-उजव्या बाजूला मात्र मॅगपाय. उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी फिरत फिरत एवढ्या अंतरावर पाऊण-एक मिनिट उजवीकडे जाते, ते धरलेलंच होतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हिस्सा या अक्षांशावर तीन इंच. सगळे जण कोरिऑलिसबद्दल मोठ्या कौतुकाने विचारतात. तीन इंच!

नेमका त्या दिवशी मृगजळ दिसत होतं. हे मला सगळ्यात आवडलं. निरीक्षण-दुर्बीण डोक्याशेजारी अशी लावतात की मान न हलवता डाव्या डोळ्याने पाहता यावं. आधी ती निशाणावर स्वच्छ करायची, मग थोडी अलीकडे आणायची, मधल्या अंतरावर. निशाण पुसट होतं आणि हवा दिसायला लागते. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा. वारा नसेल तेव्हा सरळ वर जातात, इथे त्याला उकळी म्हणतात. वारा सुटला की लाटा कलतात, मग आडव्या पळायला लागतात. ताशी दहा-बारा मैलांच्या पुढे सपाट होतात आणि त्यातून काही कळेनासं होतं. झेंडा जड असतो, वारा बदलल्यावर त्याला उतरायला वेळ लागतो. मृगजळ लगेच बदलतं.

बाईंनी एक युक्ती दाखवली. दुर्बीण हळूहळू बाजूला फिरवत जा. ज्या दिशेला पाहताना लाटा सरळ वर उकळताना दिसतील, वारा त्या रेषेत वाहतोय. समोरून की मागून ते गालावर कळतं. मी ऑफिसात हवेचा झोत पाहण्यासाठी धुराच्या कांड्या लावतो. इथे सूर्य ते काम फुकट करत होता.

पण मृगजळ खाली जमिनीलगत आणि गोळी दरीवरून झेंड्यांच्याही वर. तिथला वारा खालच्यापेक्षा जोरात असतो. किती जोरात, हे सांगणारी खूण तिथे टांगलेली नाही. म्हणून चकतीवरून उलटा हिशोब करायचा. झेंडे चार मैल म्हणतात, चकती साडेपाच म्हणते, तर आजच्यापुरती या झेंड्यांची भाषा अशी. अनुभवी लोकांची एक रीत मला पटली. ते सारखा वारा मोजत बसत नाहीत. जास्त वेळ टिकणारी एक स्थिती निवडतात, तिची माशी पक्की करतात आणि ती परत येईपर्यंत थांबतात. अर्थात गोळीमागे 45 सेकंदच मिळतात. सगळी परीक्षा त्या थांबण्यात आहे. बोट खटक्यावर, श्वास अर्धा सोडलेला, आणि डाव्या डोळ्याला दिसतंय की लाटा मंदावल्यात. झाडायची की बोट काढायचं? माझ्या शेजारचा विशीतला वेल्श पोरगा न डगमगता बोट काढायचा, रायफल खाली ठेवायचा, माशी एक मिनिट फिरवून पुन्हा नेम धरायचा. वारा बरा वाचणारा तोच होता. त्याचे आजोबा मेंढपाळ होते म्हणे. त्याचा याच्याशी संबंध असेलही.

दुपारी ढग सरकले तशी उजेडाची गंमत कळली. "लाइट्स अप, साइट्स अप" ही इथली जुनी म्हण. ऊन पडलं की काळा गोल निराळा दिसतो, नेम नकळत सरकतो, म्हणून माशी किंचित वर. किती, ते ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. याला कुठलंही यंत्र नाही. दिवस संपता संपता माझे गुण चाळिशीच्या वर आले. पन्नासपैकी. बाई म्हणाल्या, "उभ्या रेषेत तुम्ही सगळे सारखेच दिसता. वाऱ्याच्या आडव्या रेषेत कोण कोण आहे ते कळतं."

रविवार

सकाळी खड्ड्यात पाळी. सिमेंटची लांब खंदक, वर मातीचा बांध, समोर वजनाने तोललेल्या चौकटी. हे काम प्रत्येक नेमबाजाने करावंच. डोक्यावरून गोळी गेली की आधी चाबकाचा कडाका येतो. तो गोळीचा स्वतःचा, ती अजून ध्वनीपेक्षा वेगात असते म्हणून. मग साधारण एका सेकंदाने लांबून रायफलचा दबका ठोका. कडाका ऐकायचा, निशाण खाली ओढायचं, भोक शोधायचं. जुन्या भोकावर चिकटपट्टी, नव्यात चकती, पाटी सरकवायची, वर ढकलायचं. गोळी मंदावून ध्वनीच्या वेगाखाली गेली तर कडाका येत नाही आणि भोकही कधी कधी लांबुळकं होतं. थंडीत ध्वनीचा वेग कमी, पण हवा दाट. पुरेशा वेगाने न सुटलेली काडतुसं हजारावर दगा देतात ती इथे खाली बसून कानाने कळतात.

दुपारी पाऊस. केस्ट्रेलवर 996, 13 अंश. कालच्यापेक्षा हवा दोन टक्क्यांहून थोडी दाट, म्हणून माशी अर्धा मिनिट वर. काडतुसं टॉवेलखाली. ओलं काडतूस चेंबरच्या, म्हणजे ते बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला धरत नाही, सगळा जोर मागच्या बोल्टवर येतो आणि गोळीही भलतीकडे जाते. मृगजळ गेलं. भिजलेले झेंडे खाली लोंबत होते, चाराने भागण्याची रीत पार खोटी. वारा मागून येत होता आणि शेपटीसारखा डावीउजवीकडे हलत होता. सहा वाजताचा वारा शून्य मोजायचा खरा, पण तो साडेपाच आणि साडेसहा वाजताचा होत राहिला की दर गोळीला माशी मधल्या रेषेच्या अल्याडपल्याड. शनिवारचा जोरदार आडवा वारा परवडला. बाईंनी या फेरीला बंदी उठवून केस्ट्रेलचा वारा मोजणारा पंखा फिरवू दिला. आकडा आला तो आम्ही पडलो होतो त्या जागेचा. पुढच्या 999 यार्डांबद्दल तो गप्प होता. वेल्श पोराने गवत, पाऊस आणि शेजारच्या निशाणांवरच्या चकत्या पाहून माझ्यापेक्षा तीन गुण जास्त घेतले.

परतीच्या गाडीत प्लॉटचे तक्ते सुकवत बसलो होतो. मित्राने विचारलं, "हीच रायफल, हीच माशी घेऊन मे महिन्यात पुण्यात हजार यार्डांवर झाडली तर?" मी तक्त्याच्या मागे मांडलं. उंची 560 मीटर, दाब 945 धरू, दुपारचे 38 अंश. आजच्यापेक्षा हवा तेरा टक्क्यांच्या आसपास पातळ. गोळी तीनेक मिनिटं वर, म्हणजे पाऊण मीटर. बुलच्या वरून साफ. शिवाय बारूद तापून वेग वाढेल तो वेगळा. आणि वाऱ्याने सरकणं निदान आठव्या हिश्श्याने कमी.

"म्हणजे पुण्यात हवाच कमी," मित्र म्हणाला, आणि साताऱ्याच्या माणसाला यापेक्षा जास्त आनंद कशाने होणार. क्लॅपहॅम जंक्शन येईपर्यंत त्याने हे घरच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा.